पाच लिटर हवा

तुम्ही नागपूरकर असाल, तर आज सकाळी तुमच्या तांब्यात पडलेलं पाणी बहुधा पारशिवनी तालुक्यातून आलं होतं. छिंदवाड्याकडून येणारी पेंच नदी तोतलाडोहला अडते, तिथं वीज देते, मग जंगलातून खाली उतरून नवेगाव खैरीच्या धरणात पुन्हा थांबते. तिथून तिचं पाणी नागपूरच्या वाटेला लागतं. या पट्ट्यात कोलितमारा हे गाव आहे. दोन्ही काठांवर सागाचं रान, मधे आरशासारखं पाणी. सांबरं पाण्यावर येतात, पाणकावळा बुडी मारतो आणि भलत्याच ठिकाणी वर निघतो. जलाशयात मगरीही आहेत.

अशा पाण्यावर मोटारबोटीतून फिरणं वेगळं आणि कयाकमधून फिरणं वेगळं. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट शिकाऱ्यांची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा, वरून सीलचं कातडं. तिची मापं फूटपट्टीवर नव्हती, शिकाऱ्याच्या अंगावर होती. लांबी त्याचे तीन वाव, रुंदी कमरेएवढी आणि वर दोन मुठी. म्हणजे तो होडीत बसत नसे, अंगरखा चढवावा तशी होडी अंगात घालत असे! आजच्या प्लास्टिकच्या कयाकमध्येही तुम्ही इतके खाली बसता, की डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच फुटांवर येतात. तिथून बदक तुमच्या बरोबरीचं दिसतं आणि सांबर मान वर करून पाहावं लागतं.

हे एकदा चाखलं, की माणूस दोन खरेद्यांच्या मागे लागतो. एक लाइफ जॅकेट, दुसरा पाण्यात चालेल असा कॅमेरा. एक जीव सांभाळायला, एक आठवण सांभाळायला. दोन्ही वस्तू निवडताना मी जितका खोलात गेलो, तितका चकित होत गेलो. कारण दिसायला इतक्या वेगळ्या या वस्तूंच्या पोटात एकच करामत आहे. कोंडलेली हवा.

आधी जॅकेट. एक सोपा प्रश्न विचारतो. साठ किलोचा माणूस पाण्यात किती वजनाचा असतो?

जवळजवळ शून्य! आपलं शरीर बहुतांशी पाणीच आहे. हाडं पाण्यापेक्षा जड, चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि छातीत दोन फुगे. भरपूर श्वास घेतलात तर तुम्ही पाण्यात नुसते लोंबकळता, टाळूचा थोडासा भाग बाहेर ठेवून. पंचाईत इतकीच, की नाक टाळूवर नाही. ते पाण्याबाहेर काढायचं तर डोकं बाहेर यायला हवं आणि पाण्याबाहेर आलेलं डोकं एकदम आपलं खरं वजन दाखवतं, साधारण साडेचार ते पाच किलो. बुडणाऱ्या माणसाची सगळी झटापट चाललेली असते ती या पाच किलोंसाठी. लाइफ जॅकेट तुम्हाला उचलत नाहीच. ते फक्त तुमचं डोकं उचलतं.

म्हणून बहुतेक मोठ्या माणसांना तीन ते साडेपाच किलोंचा आधार पुरतो. आर्किमिडीजचा हिशेब आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. एक लिटर पाणी बाजूला सारलं, की एक किलोचा आधार मिळतो. म्हणजे तुमच्या जिवाची किंमत काय? पाच लिटर हवा. स्वयंपाकघरातला तेलाचा रिकामा डबा असतो ना, तेवढी!

आणि यातून एक उलटीच गंमत निघते. दुकानात आपण म्हणतो, ‘हा जाडा आहे, याला जास्त तरंगवणारं जॅकेट द्या.’ खरं तर चरबी असलेला माणूस आपसूक तरंगतो. काटक, पीळदार, हाडापेराच्या माणसालाच जास्त आधार लागतो. जाड्या माणसाला मोठं जॅकेट लागतं ते छातीला बसावं म्हणून.

आता खरा प्रश्न. पाच लिटर हवा अंगाला बांधायची कशी?

आपल्या लोकांनी याचं उत्तर फार पूर्वी वेलीवरून तोडलं. वाळलेला दुधी भोपळा, म्हणजे तुंबा. आत पोकळ, बाहेर लाकडासारखी साल. दोन तुंबे दोरीनं जोडून छातीखाली घेतले, की झालं जॅकेट. विहिरीत पोरं पोहायला शिकली ती अशीच, आणि पुढं तुंब्याची जागा पत्र्याच्या रिकाम्या डब्यानं घेतली. जोडलेल्या भोपळ्यांच्या या तराफ्याला नाव आहे सांगड. दोन होड्या एकत्र बांधल्या तरी ती सांगडच. आज आपण कामाची आणि घराची सांगड घालतो, तेव्हा हा शब्द पाण्यातून वर आलाय हे कुणाच्या ध्यानात तरी असतं का?

जगात इतरत्र लोकांनी पखाली फुगवल्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातली जवळजवळ एकोणतीसशे वर्षांपूर्वीची शिल्पं आहेत. त्यांत माणसं फुगवलेल्या कातड्याला बिलगून नदी पार करताना कोरलेली आहेत. पण तुंबा काय, पखाल काय, दोघांचं दुखणं एकच. एक भोक पडलं, की सगळी हवा गेली.

मग एका मोठ्या खोलीऐवजी हजारो छोट्या खोल्या केल्या तर? आणि कुठल्याही खोलीला दारच ठेवलं नाही तर?

हे निसर्गानं आधीच करून ठेवलं होतं, बुचाच्या ओक झाडाच्या सालीत. बाटलीचं बूच असतं तीच साल. 1665 साली रॉबर्ट हूक यांनी त्याची पातळ कापटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यांना इवल्या इवल्या बंद खोल्यांची रांग दिसली. त्यांनी त्या खोल्यांना ‘सेल’ म्हटलं. जीवशास्त्रातल्या पेशीचं, तुमच्या माझ्या शरीरातल्या पेशीचं इंग्रजी नाव तिथून जन्मलं. बुचाच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अशा सुमारे चार कोटी खोल्या असतात. खडीसाखरेच्या खड्याएवढा तुकडा आणि त्यात अख्ख्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाएवढी घरं, सगळी हवेनं भरलेली, सगळी बिनदाराची!

1854 साली इंग्लंडच्या जीवरक्षक नौका संस्थेचे कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाचे तुकडे कापडावर शिवून जॅकेट केलं. अवजडच होतं ते. 1861 च्या फेब्रुवारीत व्हिटबीच्या किनाऱ्यावर वादळात बचावाला निघालेली नौका उलटली. तेरापैकी बारा जण गेले. वाचले ते हेन्री फ्रीमन. नव्या पद्धतीचं बुचाचं जॅकेट त्या दिवशी त्यांनी घातलं होतं.

पुढची पायरी मला सगळ्यांत आवडते, कारण तिचं नातं पेंचच्या काठाशी जुळतं. माघ-फाल्गुनात या रानात पानं झडलेली काटेसावर लालभडक फुलते आणि उन्हाळ्यात तिची बोंडं उकलून रेशमासारखा कापूस वाऱ्यावर निघतो. आजीच्या उशीत असायचा तोच. या काटेसावरीची एक चुलत बहीण आहे, पांढरी सावर. तिच्या कापसाला जग कापोक म्हणतं. त्याचा एक एक तंतू म्हणजे शीतपेयाची नळी असते तशी पोकळ नळी, वरून मेण लावलेली. पाणी आत शिरत नाही. हा कापूस स्वतःच्या वजनाच्या तीसपट भार पाण्यावर पेलतो! दोन्ही महायुद्धांत खलाशांच्या अंगात कापोक भरलेली जॅकेटं होती. खोट एकच. वर्षानुवर्षं दाबून दाबून नळ्या चेपल्या किंवा त्यांना तेल लागलं, की कापूस पाणी पिऊ लागे.

आजच्या जॅकेटमध्ये फोम असतो. ढोकळ्यालाही जाळी असते, पण तिच्या खोल्या एकमेकींत उघडतात, म्हणून तर फोडणीचं पाणी आतपर्यंत मुरतं. जॅकेटचा फोम म्हणजे अजिबात न मुरणारा ढोकळा. प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र, चहूबाजूंनी बंद. सुरीनं उभा चिरलात तरी कापाच्या रेषेवरचे बुडबुडे तेवढे जातात, बाकीचे जागच्या जागी. झाडाच्या सालीची युक्ती अखेर कारखान्यात पोहोचली.

आता निवड सोपी होते. जॅकेटच्या आतल्या पट्टीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानानं एक किलोचा आधार. 50 लिहिलेलं जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी आहे. कयाकवाले हेच वापरतात, कारण ते आखूड असतं, काखेत मोठं कापलेलं असतं आणि वल्हं मोकळं फिरतं. 100 लिहिलेल्या जॅकेटमध्ये मानेमागे कॉलर असते. शांत पाण्यात माणूस पालथा पडला तर ते त्याला बहुधा उताणा करतं. 50 वालं ते करत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा. पोहता येत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे. वल्ह्याची गैरसोय सोसा, पण कॉलरवालं 100 चं जॅकेट घ्या. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर जॅकेट वर तरंगतं आणि मूल खालून निसटतं.

रंग भडक केशरी किंवा पिवळा घ्या. हिरव्या पाण्यात हिरवं जॅकेट शोभून दिसतं, म्हणजेच दिसत नाही. खिशाला शिट्टी असू द्या, पण आत मणी नसलेली. ओल्या शिट्टीतला मणी ऐन वेळी अडकतो. बास्केटबॉलचे कॅनेडियन पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी एका सामन्यात अशीच वाजली नाही. त्या रागातून त्यांनी बिनमण्याची शिट्टी घडवून घेतली आणि 1987 पासून ती जगभर वाजते आहे.

आणि कृपा करून जॅकेटवर बसू नका! आपल्याकडं बोटीत जॅकेटची उशी होते, गादी होते. प्रत्येक बैठकीत काही खोल्या चेपतात. उन्हानंही फोम आणि कापड दोन्ही म्हातारी होतात, म्हणून वाळवायचं ते सावलीत. जुन्या जॅकेटची परीक्षा घरी घेता येते. वाण्याकडून पाच किलोचं लोखंडी माप आणा, ते जॅकेटला बांधा आणि पाण्याच्या टाक्यात अर्धा तास सोडा. लोखंड पाण्यात स्वतःही थोडं हलकं होतं, पाच किलोचं माप आत सुमारे 4.3 किलोंचं भरतं. मोठ्या माणसाचं 50 न्यूटनचं धडधाकट जॅकेट ते सहज पेलतं. माप तळाला गेलं, तर ते जॅकेट कुणाला देऊही नका, कापून टाका.

आता कॅमेरा. इथं काम उलटं आहे. पाणी बाहेर ठेवायचं आणि आतली कोरडी हवा आतच राखायची.

कॅमेऱ्याच्या झाकणाच्या कडेला बारीक रबरी गोल बसवलेला असतो, त्याला ओ-रिंग म्हणतात. 1939 साली नील्स ख्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या कारागिराला तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. तिची करामत अशी, की पाण्यानं जोर लावला तर रबर खाचेच्या फटीत आणखी घट्ट रुतून बसतं. चोर जितका ढकलेल तितकं घट्ट होणारं दार! मात्र तिच्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस राहिला, की दार किलकिलं झालंच. म्हणून बॅटरी बदलायची ती काठावर, हात पुसून, रिंगेवर बोट फिरवून.

डब्यावर छापलेल्या आकड्यांना भुलू नका. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास. वल्ह्याचा सपकारा स्थिर नसतो. आजकाल बरेच अ‍ॅक्शन कॅमेरे वेगळ्या पेटीशिवाय दहा मीटरपर्यंत चालतात आणि कयाकला तेवढं पुष्कळ झालं. चाळीस मीटरच्या पेटीचे पैसे वाचवा. फोन पिशवीत घालून न्यायचा विचार असेल, तर त्याचा पडदा ओल्या पिशवीतून तुमचं बोट आणि पाण्याचा थेंब यांत गोंधळतो, हे जमेस धरा.

दमट हवेत झाकण लावून कॅमेरा थंड पाण्यावर नेला, की काचेला आतून धुकं धरतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा हा आतून. आतली हवा कोंडली हे खरं, पण ओलीच कोंडली! झाकण कोरड्या खोलीत बंद करा, एवढाच उपाय.

आणि कयाक इतकी डुलत असताना चित्र मात्र स्थिर कसं येतं? या प्रश्नाच्या उत्तरानं माझी झोप उडाली होती. कॅमेऱ्याच्या आत सिलिकॉनचा एक नखाहून लहान तुकडा असतो. त्यात कोरलेलं डोळ्यांना न दिसणारं वजन सेकंदाला हजारो वेळा मागे-पुढे थरथरतं. कॅमेरा वळला, की थरथरणारं वजन आपली जुनी दिशा सोडायला तयार नसतं आणि किंचित बाजूला सरकतं. त्या सरकण्यावरून कॅमेऱ्याला कळतं, की आपण किती वळलो, आणि तो चित्राची चौकट तेवढीच उलट सरकवतो. ही युक्ती माणसाच्या कितीतरी आधी कुणाकडं होती? घरातल्या माशीकडं! माशीला दोनच पंख असतात. मागच्या दोन पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन दांडके असतात आणि उडताना ते पंखांच्या तालावर थरथरतात. अंग वळलं हे माशीला त्यांच्यावरून उमगतं. म्हणून तर तुमचा फटका चुकवून ती हवेत गिरकी घेते. डासाकडंही तेच. तुमच्या कयाकवरचा कॅमेरा माशीच्या विद्येवर चालतो.

मात्र पहाटेच्या अंधूक उजेडात ही विद्या थकते. एका एका चित्राला प्रकाश गोळा करायला वेळ लागतो आणि तेवढ्यात चित्र आतल्या आत फरकाटतं. चौकट सरकवून ते पुसलं जात नाही. सूर्य झाडांच्या वर येऊ द्या.

एक निराशा आधीच सांगून ठेवतो. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची नजर फार रुंद असते. तुमचं वल्हं, होडीचं टोक, आभाळ, सगळं त्यात मावतं. पण पन्नास मीटरवरचं सांबर चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पन्नासावा हिस्सा व्यापतं. घरी येऊन बोट दाखवत ‘ते बघ, तो ठिपका’ म्हणावं लागतं. जनावरं टिपायची असतील तर झूमचा साधा कॅमेरा पाणबंद पिशवीत न्या, वल्हं आडवं ठेवा, मग बाहेर काढा. प्रवास टिपायचा असेल तर अ‍ॅक्शन कॅमेरा. दोन्ही एकात शोधत बसू नका.

काचेवर ध्रुवक, म्हणजे पोलरायझिंग, फिल्टर मात्र जरूर लावा. तो नसेल तर ध्रुवक गॉगल तरी घाला. पाण्यावरची चकाकी एका विशिष्ट कोनात, पृष्ठभागापासून सुमारे 37 अंशांवर, पूर्णपणे एकाच दिशेत थरथरणारी होते आणि फिल्टर तिला अडवू शकतो. अडीच फुटांवर डोळे असले, की हा कोन कुठं पडतो ठाऊक आहे? तुमच्यापासून साधारण एक मीटरवर! फिल्टर फिरवत जा. एका क्षणी चांदीचा पत्रा विरघळतो आणि खालचे गोटे, शेवाळ, मासोळ्या उघड्या पडतात. याच चकाकीवरून चतुर हा कीटक पाणी ओळखतो, आणि त्यामुळं फसतोही. चकचकीत गाडीच्या टपाला तळं समजून तो तिथं अंडी टाकायला बघतो.

राहिली शेवटची भीती, कॅमेरा हातातून सुटण्याची. इथं तोच पाच लिटरचा हिशेब परत येतो, पण बाहुलीच्या मापात. दीडशे ग्रॅमच्या आसपासचा अ‍ॅक्शन कॅमेरा साधारण सव्वाशे ग्रॅम पाणी स्वतःच बाजूला सारतो. बुडायला कारण उरतं ते पंचवीस-तीस ग्रॅमचं. म्हणजे त्याला तारायला लिंबाएवढा फोम पुरतो! केशरी रंगाचा तसा तुकडा त्याच्या पाठीला लावा. तुम्हाला जॅकेट, त्याला लिंबू. लांब दोरीनं गळ्यात मात्र अडकवू नका, होडी उलटली तर तीच दोरी गुंतते. आणि कॅमेरा जॅकेटच्या छातीवर बसवू नका. पाण्यातून होडीवर परत चढताना माणूस छातीवरच घासत वर येतो. कयाकच्या पुढच्या भागावर बसवलेला कॅमेरा बरा.

जंगलातल्या पाण्यात उतरायचं ते वन विभागानं ठरवून दिलेल्या जागी आणि त्यांच्या माणसाला विचारूनच. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जा, नाहीतर आणखी कुठं, काठावर एक गोष्ट मात्र न चुकता करा. हाती दिलेलं जॅकेट चढवा, सगळी बकलं लावा, पट्टे ओढून घ्या आणि सोबतच्या माणसाला म्हणा, ‘मागून माझे दोन्ही खांदे धरून जॅकेट वर ओढ.’ ते हनुवटीच्या खालीच अडलं, तर वल्हं हातात घ्या. कानांपर्यंत वर आलं, तर ते काढून ठेवा आणि दुसरं मागा.